मेणाची रेष आणि क्रिस्टलमधले बंध : घरच्या बेंचवरच्या प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर

चला, आजपासून लिहून ठेवायला सुरुवात करतोय. विषय असा की क्रिस्टलमध्ये उष्णता सगळ्या दिशांना सारखी का जात नाही आणि त्यात बंधांचा हात नक्की किती. डोक्यात हे बसलं ते ग्रॅफाइटच्या दोन आकड्यांमुळे. चांगल्या प्रतीच्या ग्रॅफाइटमध्ये पापुद्र्याच्या दिशेने उष्णतावाहकता साधारण २०००, आणि पापुद्र्यांना आडवं, म्हणजे एका थरातून दुसऱ्या थरात जायचं तर फक्त ६ ते ७. (एकक वॅट प्रति मीटर प्रति केल्विन, पुढे नुसता आकडाच लिहिणार.) म्हणजे एकच तुकडा एका बाजूने तांब्याच्या पाचपट आणि दुसऱ्या बाजूने दगडासारखा, आणि आत कार्बनशिवाय दुसरं काहीही नाही!

त्यातही हिरा आठवला की अजूनच मजा. तोही कार्बनच, २२०० च्या आसपास, पण कुठल्याही दिशेने बघा तोच आकडा. हिऱ्यात प्रत्येक कार्बन चौघांना धरून असतो आणि जाळं तिन्ही दिशांना पसरतं. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक कार्बन तिघांनाच धरतो, तेही एकाच प्रतलात, १.४२ अँगस्ट्रॉमवर, आणि वरचा थर ३.३५ अँगस्ट्रॉम लांब, मध्ये नुसतं व्हॅन डर वाल्सचं हलकं ओढणं.

मला हे आकडे वाचून सोडायचं नाहीये, घरच्या बेंचवर डोळ्यांनी बघायचंय.

३ नोव्हेंबर

पद्धत ठरली आणि ती जुनी आहे. पॅरिसच्या एकोल दे मीनमधले खनिजशास्त्रज्ञ आंरी द सेनार्मों यांनी १८४७ मध्ये क्रिस्टलच्या चकत्या कापून त्यावर मेणाचा पातळ थर दिला, मधे भोक पाडून तारेने तिथे उष्णता दिली आणि मेण कुठवर वितळतं ते बघितलं. काचेवर वर्तुळ येतं, क्वार्ट्झच्या योग्य चकतीवर लंबवर्तुळ. क्ष-किरणांच्या कितीतरी आधी, अणूंची रचना कोणाला दिसत नव्हती तेव्हा हा माणूस मेण वापरून क्रिस्टलच्या आतलं चित्र काढत होता, मला ही गोष्ट फार मोठी वाटते. नंतर १८७४ मध्ये राँटगेन यांनी (हो, तेच क्ष-किरणवाले) मेणाऐवजी चकतीवर तोंडाची वाफ सोडली, गरम टोक टेकवलं, ओल जिथवर उडाली ती हद्द बारीक पूड भुरभुरवून दिसती केली. तेही करून बघायचंय पण आधी मेण.

हिशोब साधा आहे. लंबवर्तुळाच्या लांब आणि आखूड अक्षांचं गुणोत्तर काढायचं, त्याचा वर्ग केला की दोन दिशांच्या वाहकतांचं गुणोत्तर मिळतं. वर्ग का, तर एका दिशेची मापपट्टी वाहकतेच्या वर्गमुळाने ताणली की समीकरण पुन्हा सगळीकडे सारखं असलेल्या पदार्थाचं होतं आणि त्यात हद्द वर्तुळच असते.

८ नोव्हेंबर

सामान जमलं. साधी पॅराफिन मेणबत्ती, तापमान कमी-जास्त करता येणारं सोल्डरिंग आयर्न बारीक टोकाचं, जुन्या एलसीडीतून काढलेले दोन पोलरॉइड (एकाच प्रतलात थरथरणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्ट्या), व्हर्नियर. खडे कापणाऱ्याकडून क्वार्ट्झच्या दोन चकत्या घेतल्या, एक सी अक्षाला (क्रिस्टलच्या मुख्य सममितीच्या अक्षाला) काटकोनात कापलेली, दुसरी अक्षाला समांतर. अक्ष कुठे आहे हे एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरॉइडमध्ये धरून कळतं. समांतर कापलेली चकती फिरवली की दर ९० अंशांनी काळी होते, काटकोनातली कितीही फिरवा काळी होत नाही कारण क्वार्ट्झ अक्षाच्या दिशेने प्रकाशाचं प्रतल फिरवतो. समांतर चकतीवर अक्षाची दिशा मार्करने बारीक आखून ठेवली.

बहिणीची मुलगी आली होती, बारावीला आहे. तिने पहिलाच प्रश्न बरोबर विचारला, "मामा, पण मेणच एका बाजूला जाड लागलं असेल तर?" म्हणून ठरलं की प्रत्येक वेळी आधी साध्या काचेच्या स्लाइडवर करायचं, आणि क्रिस्टल ९० अंश फिरवून परत करायचं. आकार क्रिस्टलबरोबर फिरला तर तो क्रिस्टलचा, बेंचबरोबर राहिला तर तो आपल्या हाताचा.

९ नोव्हेंबर

काच : वर्तुळ. छान.

क्वार्ट्झ, काटकोनातली चकती : वर्तुळ. यायलाच हवं होतं, सी अक्षाभोवती तिपदरी सममिती आहे त्यामुळे त्या प्रतलात वाहकता सगळीकडे सारखीच असणार.

क्वार्ट्झ, समांतर चकती : आलं!! टोक टेकवल्यावर पहिल्यांदा एक ओला ठिपका दिसतो, मेण दुधाळ असतं ते तिथे पारदर्शक होतं, आणि ठिपका वाढायला लागतो तसा तो हळूहळू अक्षाच्या रेषेकडे ताणला जातो. पहिल्या क्षणी गोलच वाटतो, मोठा झाला की मग खात्री पटते. टोक उचललं की काही सेकंदांत मेण परत गोठतं पण जिथे हद्द होती तिथे एक केसाएवढा उंचवटा राहतो, तिरप्या उजेडात धरलं की तो उंचवटा चमकतो आणि तोच मोजायचा. लांब बाजू १३ मिमीच्या आसपास, आखूड १०. गुणोत्तर १.३, वर्ग १.७. पुस्तकात क्वार्ट्झला अक्षाच्या दिशेने १०.७ च्या आसपास आणि आडवं ६.२ च्या आसपास, भागाकार १.७. चकती फिरवली तर लंबवर्तुळही तिच्याबरोबर फिरलं.

भाचीने फोटो काढून तिच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला :)

१० नोव्हेंबर

आता खरा प्रश्न. क्वार्ट्झमध्ये तर पापुद्रे नाहीत. सगळीकडे सिलिकॉन-ऑक्सिजनचेच बंध, तिन्ही दिशांना पसरलेलं एकच सलग जाळं, मग एक दिशा लाडकी का? चौफलक (एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन) सी अक्षाभोवती मळसूत्रासारखे चढत जातात, आणि त्या दिशेने क्रिस्टल जरा जास्त कडक आहे, अक्षाच्या दिशेने १०६ गिगापास्कलच्या आसपास, आडवं ८७. घनता २.६५. यातून ध्वनीचा वेग काढला (भागाकाराचं वर्गमूळ) तर ६.३ आणि ५.७ किलोमीटर प्रति सेकंद. फरक फक्त १० टक्के! वाहकतेतला फरक मात्र ७० टक्के. म्हणजे नुसता ध्वनीचा वेग ही गोष्ट सांगून संपत नाही.

विजेची वाहक नसलेल्या क्रिस्टलमध्ये उष्णता नेतात ते फोनॉन, म्हणजे अणूंच्या थरथरीच्या लाटा. वाहकता म्हणजे उष्णताधारकता गुणिले लाटेचा वेग गुणिले धडक बसेपर्यंतचा पल्ला, भागिले तीन. ध्वनीचा वेग हा फक्त लांबच लांब लाटांचा वेग. खोलीच्या तापमानाला बरीचशी उष्णता आखूड लाटांमध्ये असते आणि त्यांचा वेग, त्यांचा पल्ला दोन्ही आतल्या बारीक रचनेवर ठरतं, कुठला बंध किती वाकतो, एका पेशीत, म्हणजे क्रिस्टलमध्ये परत परत येणाऱ्या सगळ्यात लहान तुकड्यात, किती अणू आहेत (क्वार्ट्झमध्ये ९) यावर.

१५ नोव्हेंबर

आज फ्यूज्ड सिलिका. तेच सिलिकॉन, तोच ऑक्सिजन, बंध तितकेच मजबूत, फक्त क्रिस्टलची शिस्त नाही. वर्तुळ आलं आणि तेही सावकाश, टोक कितीतरी वेळ धरून ठेवावं लागलं. पुस्तकी आकडा १.४. क्वार्ट्झच्या कमी दिशेपेक्षाही चौपटीहून कमी. हा प्रयोग मला क्वार्ट्झइतकाच महत्त्वाचा वाटतो कारण "बंध मजबूत म्हणजे उष्णता चांगली जाते" हे जे सगळीकडे एका ओळीत लिहिलेलं असतं ते इथे अर्धवट ठरतं. बंध तेच आहेत पण त्यांची ओळ मोडली, लाटेला दोन-चार अणूंपलीकडे सरळ जाता येईना.

१६ नोव्हेंबर

अभ्रक आणि जिप्सम एकाच दिवशी उरकले.

अभ्रक : पापुद्र्यावर जवळजवळ वर्तुळ. खरा फरक आडव्या दिशेत आहे (पापुद्र्यात ४ च्या आसपास, आडवं ०.५ च्या आसपास) पण तो मेणाने दिसत नाही, तेवढी जाड कड मिळत नाही. सिलिकेटचे घट्ट थर आणि मधे पोटॅशियमचे आयन, म्हणून नखाने सोलता येतो. इस्त्रीच्या जुन्या एलिमेंटमध्ये तार याच्यावरच गुंडाळलेली असायची.

जिप्सम : पारदर्शक सेलेनाइटचा सोललेला पापुद्रा. इथे पापुद्र्याच्या प्रतलातच लंबवर्तुळ येतं, गुणोत्तर १.२ च्या जरा वर. म्हणजे थराच्या आतही सगळ्या दिशा सारख्या नाहीत, कॅल्शियम आणि सल्फेटच्या साखळ्या एका दिशेने धावतात. टोकाचं तापमान कमी ठेवा, नाहीतर टोकाखाली पांढरा ठिपका पडतो, जिप्सममधलं पाणी निघून जातं आणि मग तो क्रिस्टल तो राहत नाही.

२२ नोव्हेंबर

जळगावकडचे एक काका खनिजं गोळा करतात, त्यांच्याकडून अपोफिलाइट आणि कॅल्साइट आलं. आपल्या दख्खनच्या बसाल्टच्या पोकळ्यांमध्ये हे दोन्ही सापडतं आणि अपोफिलाइट तर जगभरच्या संग्रहांत जळगावचं म्हणून ठेवलेलं असतं. काका म्हणाले, "बाळा, हे कापू नको, नुसतं सोल, आपसूक निघेल." खरंच निघालं, आरशासारखा पापुद्रा. त्यावर वर्तुळ. अपोफिलाइट चतुष्कोणी आहे (मुख्य अक्षाभोवती चौपदरी सममिती), मुख्य अक्षाला आडव्या प्रतलात वर्तुळच येणार. ठीक.

कॅल्साइटला मात्र वेळ द्यायचाय. त्याला अक्षाला समांतर अशी चकती कापून घ्यायला दिलीये.

२९ नोव्हेंबर

कॅल्साइटची चकती आली. मेण लावण्याआधीच अंदाज लिहून ठेवला, भाचीचा आणि माझा दोन्ही.

तिचा अंदाज : कॅल्साइटमध्ये कार्बोनेटचे चपटे त्रिकोण आहेत, सगळे सी अक्षाला आडव्या प्रतलात पडलेले. कार्बन-ऑक्सिजन बंध हा अख्ख्या क्रिस्टलमधला सगळ्यात मजबूत बंध आणि तो सगळा आडव्या प्रतलात. म्हणून आडवं जास्त जाणार.
माझा हिशोबही तिच्याच बाजूने : आडव्या दिशेने कडकपणा १४५ गिगापास्कलच्या वर, अक्षाच्या दिशेने ८५ च्या आसपास. वेग ७.४ आणि ५.६ किलोमीटर प्रति सेकंद.

मेणाचा निकाल : लांब बाजू अक्षाच्या दिशेने!! गुणोत्तर १.१ च्या आसपास, म्हणजे अक्षाच्या दिशेने वाहकता साधारण १.२ पट. चकती फिरवून केलं, तेच. सेनार्मों यांनाही कॅल्साइटमध्ये अक्षाच्याच बाजूने ताणलेलं मिळालं होतं.

३० नोव्हेंबर

दिवसभर यावरच विचार चालू होता आणि माझ्या मते अख्ख्या प्रकल्पाचं मर्म इथेच आहे. कार्बोनेटमधला बंध मजबूत आहे यात वाद नाही, त्याची आतली थरथर १०८५ प्रति सेंटीमीटरला दिसते, रामन स्पेक्ट्रममध्ये (विखुरलेल्या प्रकाशावरून बंधांची थरथर ओळखायची पद्धत) कॅल्साइट ओळखायची ती खूणच आहे. पण ती थरथर त्या चार अणूंच्या टोळक्यातच राहते. एका कार्बोनेटचा मजबूत बंध दुसऱ्या कार्बोनेटला धरतच नाही, मधे कॅल्शियम आहे आणि त्याच्याशी नातं आयनिक, बरंच मऊ. विहिरीवरून हातोहात हंडे द्यायची रांग असते ना, त्यात चार-चार जण एकमेकांना घट्ट मिठी मारून उभे राहिले आणि दोन घोळक्यांमध्ये मात्र जेमतेम बोटं टेकतायत, तर हंडा पुढे जायचा वेग मिठीवर नाही, बोटांवर ठरणार.

म्हणून मी आता "मजबूत बंध" असं न म्हणता "मजबूत बंधांची सलग ओळ" असं म्हणतो. ग्रॅफाइटच्या प्रतलात ओळ सलग आहे, टोकापासून टोकापर्यंत. क्वार्ट्झमध्ये तिन्हीकडे सलग आहे. कॅल्साइटमध्ये कुठल्याच दिशेला नाही म्हणून दोन्ही आकडे लहानच (४-५ च्या घरात) आणि त्यातली कुठली दिशा पुढे हे सगळ्यात मजबूत बंध ठरवत नाही, मधले मऊ बंध आणि फोनॉनची एकमेकांशी होणारी टक्कर ठरवते.

ग्लेन स्लॅक यांनी १९७३ मध्ये जास्त वाहकतेच्या चार अटी लिहिल्या होत्या : अणू हलके, बंध मजबूत, रचना साधी, आणि थरथर जितकी स्प्रिंगच्या नियमात राहील तितकं बरं. लोक दुसरी अट लक्षात ठेवतात. पण चौथी अट नसेल तर फोनॉन एकमेकांवर आपटत राहतात, पायर्ल्स यांनी १९२९ मध्ये दाखवलेली उमक्लाप टक्कर, जिच्यात फोनॉनांचा एकूण पुढे जाण्याचा रोख मोडतो आणि उष्णतेला अडथळा होतो.

६ डिसेंबर

ग्रॅफाइट. चुंबकावर तरंगवायला जे पायरोलिटिक ग्रॅफाइटचे चौकोनी तुकडे मिळतात त्यातला एक. चिमटीत धरून त्याची कड बर्फाच्या खड्यावर टेकवली, कड बर्फात रुततच जाते, जोर लावावा लागत नाही, आणि बोटं लगेच गार पडतात. बोटांची उष्णता प्रतलातून सरळ बर्फात. भाचीने तेवढ्याच जाडीची प्लॅस्टिकची पट्टी घेऊन करून बघितलं, काहीच होत नाही.

असा न तापवलेला पायरोलिटिक तुकडा एचओपीजीइतका (थर अगदी एका दिशेत बसवलेलं उंची ग्रॅफाइट) भारी नसतो, प्रतलात ३५० च्या आसपास आणि आडवं २ च्या आसपास धरलं तर गुणोत्तर १७५. उष्णता पसरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून १ मिमी आडवं पार करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती प्रतलातून १३ मिमी गेलेली असते. मोबाईलच्या आत जो काळा ग्रॅफाइटचा कागद चिकटवलेला असतो त्याचं काम हेच, प्रोसेसरची उष्णता पाठीमागे एका जागी चटका देण्याऐवजी बाजूला पसरवायची. तिथे आडवी दिशा कमकुवत असणं हा फायदा आहे.

७ डिसेंबर

कागदावर ग्रॅफाइटची आडवी दिशा. कडकपणा ३६.५ गिगापास्कल, घनता २.२६, वेग ४ किलोमीटर प्रति सेकंद. प्रतलात १०६० गिगापास्कल आणि जवळजवळ २२ किलोमीटर. आता १० नोव्हेंबरचं वाहकतेचं सूत्र उलटं लावलं, वाहकता ६, उष्णताधारकता प्रति घनमीटर १६ लाख ज्यूल, तर पल्ला येतो ३ नॅनोमीटर. जेमतेम ९ थर.

पण गेल्या दहा-बारा वर्षांत पातळ-पातळ ग्रॅफाइटच्या चकत्या घेऊन मोजमापं झाली आणि दिसलं की आडव्या दिशेने उष्णता नेणाऱ्या फोनॉनांचा पल्ला शंभर नॅनोमीटरच्याही वर आहे! सूत्रात आपण सगळी उष्णताधारकता मोजतो, जणू प्रत्येक फोनॉन आडवा जायला तयार आहे. प्रत्यक्षात बहुतेक फोनॉन प्रतलातच पळतात, आडवे जाणारे थोडे, पण जे जातात ते लांब जातात.

आणि याच्या पोटात एक अजून भारी गोष्ट आहे. ख्रिस डेम्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये थरांच्या एका मॉडेल पदार्थावर दाखवलं की थरांमधला बंध जसाच्या तसा ठेवून फक्त प्रतलातला बंध मजबूत केला तर आडवी वाहकता कमी होते. आडव्या बंधाला हातही लावलेला नाही! कारण प्रतलात बंध कडक झाले की फोनॉनांचे वेग प्रतलाकडे झुकतात, आडव्या दिशेच्या वाट्याला वेगाचा तुकडा लहान येतो. म्हणजे एका दिशेचा आकडा त्याच दिशेच्या बंधावरून सांगता येत नाही, अख्खं जाळं बघावं लागतं. कॅल्साइटच्या चकतीनंतर हे वाचताना एकदम पटलं.

१३ डिसेंबर

भाचीचा प्रश्न : "पण मामा, कमी उष्णता जाण्याचा उपयोग काय?" म्हणून आज टिन सेलेनाइड. मर्कुरी कनाट्झिडिस यांच्या गटाने २०१४ मध्ये याचा एकसंध क्रिस्टल घेऊन ९२३ केल्विनला झेडटी २.६ मोजला, तोही फक्त थराच्या आतल्या बी अक्षाच्या दिशेने, थरांना आडव्या ए दिशेला ०.८ च. (झेडटी म्हणजे उष्णतेतून वीज काढण्याची पात्रता, १ च्या वर गेला की लोक खूश होतात.) टिनच्या डोक्यावर बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनची जोडी असते, तिच्यामुळे शेजारचे बंध वेडेवाकडे, थर सुरकुतलेले आणि थरथर स्प्रिंगच्या नियमाला जुमानत नाही. स्लॅक यांची चौथी अट पूर्ण उलटी. उष्णता सगळ्यात कमी जाते ती ए दिशेला, पण वीजही तिथे अडते म्हणून उपयोग बी दिशेचा. त्या आकड्यांवर नंतर वादही झाला, क्रिस्टलची घनता पुरेशी होती का यावर, आणि भरीव नमुन्यांत उष्णतावाहकता जास्त आली. वाद व्हायलाच हवा, इतक्या लहान वाहकतेत नमुन्यातली एक भेगही आकडा बदलते.

२० डिसेंबर

शेवटचं वाचन आणि मग राँटगेनच्या वाफेकडे वळायचं. डेव्हिड केहिल यांच्यासोबतच्या लोकांनी २००७ मध्ये टंगस्टन सेलेनाइडचे थर एकमेकांवर वाकडेतिकडे बसवले, आडवी वाहकता आली ०.०५. हवेची ०.०२६! भरीव, बिनछिद्राचा घन पदार्थ आणि हवेच्या फक्त दुप्पट. २०२१ मध्ये शिकागोच्या गटाने मॉलिब्डेनम सल्फाइडचे अणूएवढे पातळ थर एकावर एक रचले, प्रत्येक थर मनाला येईल त्या कोनात फिरवून. प्रतलातला सलग क्रिस्टल शाबूत म्हणून तिथे वाहकता टिकली, आडवी मात्र इतकी पडली की दोघांचं गुणोत्तर ९०० च्या जवळ गेलं. एकही रासायनिक बंध बदललेला नाही, प्रत्येक थराच्या आत मॉलिब्डेनम आणि सल्फर तसेच आहेत, फक्त वरच्या अणूला खालचा अणू ठरलेल्या जागी सापडत नाही.

२१ डिसेंबर

वाफेची पद्धत क्वार्ट्झवर केली. चकती जरा गार करून घेतली, भाचीने हाहा करून वाफ सोडली, टोक टेकवलं, लगेच लायकोपोडियमऐवजी (एका वनस्पतीच्या बीजाणूंची बारीक पूड) टाल्कम पावडर चाळणीने भुरभुरवली आणि चकती उलटी करून टिचकी मारली. ओल्या भागावर पावडर राहिली, कोरडा भाग मधे स्वच्छ, आणि हद्द मेणापेक्षा रेखीव. गुणोत्तर १.३ च. टोक फार गरम लागत नाही त्यामुळे जिप्समसाठी हीच पद्धत वापरायची, पांढरा ठिपका पडणार नाही. पुढच्या रविवारी जिप्समचा पापुद्रा पोलरॉइडमध्ये धरून दिशा आखायच्या आणि लंबवर्तुळाची लांब बाजू साखळ्यांशी किती अंशाचा कोन करते ते मोजायचं, जिप्सम एकनत आहे (क्रिस्टलच्या अक्षांमधला एक कोन काटकोन नाही) त्यामुळे ती बाजू साखळीवर बरोब्बर पडलीच पाहिजे असं सममिती म्हणत नाही.